भंडारदरा : जलाशयाभोवतीची गावे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरा नदी अडवून बांधलेले विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्यामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. बहुतेक पर्यटक धरणापाशी, शेंडीत, फोटो काढून परततात. खरे पाहण्यासारखे पुढेच आहे.

शेंडीहून निघून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे असे वळसा घालून पुन्हा शेंडीत येता येते. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. एक पूर्ण दिवस हाताशी हवाच.

रतनवाडीत थांबाच. काळ्या दगडातले अमृतेश्वराचे मंदिर शिलाहारकालीन मानतात. जवळची पुष्करणी मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. तिच्या चारही बाजूंना कोरीव देवकोष्ठे आहेत. पायऱ्या उतरून निवांत पाहा. भर पावसात गाभाऱ्यात पाणी साचते आणि पिंडी बुडते. मागे रतनगड उभा. प्रवरेचा उगम तिथलाच.

साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात पूर्ण टाळावी, कारण त्या अरुंद घळीत पाणी अचानक चढते.

मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, काजव्यांनी झाडे लखलखतात. ही लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना साद. टॉर्च आणि गाडीच्या दिव्यांनी ती तुटते. गर्दीही फार वाढली आहे. शक्यतो आडवारी जा.

जेवण गावातल्या घरीच सांगा. आधी कळवलेत तर चुलीवरची भाकरी, पिठले आणि ठेचा मिळेल. आणि प्लास्टिकच्या बाटल्या परत आपल्या घरी न्या. तळ्याकाठी टाकू नका.