एक कंपनी, दोन याद्या : पायलटांचं भांडण नेमकं कशाचं?

८ मे २०२४. केरळच्या विमानतळांवर आखातात कामावर परतणारे लोक बॅगा घेऊन उभे आणि बोर्डावर फ्लाइट रद्द. कुणाची ड्युटीवर हजर व्हायची तारीख जवळ आलेली, कुणाच्या व्हिसाची मुदत संपत आलेली. एअर इंडिया एक्सप्रेसचे केबिन क्रू मोठ्या संख्येने एकदम 'आजारी' पडले होते. कंपनीने २५ जणांना काढलं आणि दुसऱ्याच दिवशी समझोता करून परत घेतलं. त्याआधी महिनाभर विस्तारा कंपनीच्या पायलटांनी असंच केलं होतं आणि तिथेही रोजची उड्डाणं कमी करावी लागली होती.

सोनिवली, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरातून आखातात नोकरीला किंवा उमराहला जाणाऱ्या माणसाला एवढंच कळतं की विमान रद्द झालं. "लाखांचा पगार घेतात, तरी संप करतात," असं आपण म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण हा वाद फक्त पगाराचा नाही. आपल्याकडच्या एमआयडीसीत ज्याने काम केलंय त्याला तो लगेच समजेल, कारण परमनंट आणि कॉन्ट्रॅक्टचा हाच झगडा तिथेही रोज चालतो.

सेवाज्येष्ठता यादी म्हणजे काय?

पायलट ज्या तारखेला कंपनीत रुजू होतो, त्यावरून त्याला यादीत नंबर मिळतो. को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, मोठ्या विमानाचं ट्रेनिंग कुणाला मिळणार, कोणत्या शहरात पोस्टिंग, ईदला सुट्टी कुणाला, आणि वाईट दिवस आले तर आधी घरी कोण जाणार, असं बरंच काही या नंबरवर ठरतं. अमेरिकेत तर वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टनही दुसऱ्या कंपनीत गेला की यादीच्या तळाशी जातो. तिथे पायलटची खरी कमाई म्हणजे हा नंबर. लायसन्स सोबत नेता येतं, नंबर नेता येत नाही.

म्हणून दोन कंपन्या एक झाल्या की पहिला प्रश्न येतो, दोन याद्या एक कशा करायच्या? रुजू होण्याच्या तारखेने लावल्या तर एका बाजूचं नुकसान, हुद्द्याने लावल्या तर दुसऱ्या बाजूचं.

एअर इंडियाचा धडा

आपल्याकडचं सर्वात मोठं उदाहरण एअर इंडियाचं. १९५३ मध्ये विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हापासून परदेशी मार्ग एअर इंडियाकडे आणि देशातले मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे होते. २००७ मध्ये सरकारने दोन्ही कंपन्या एकत्र केल्या. नाव एक झालं, पण पगाराचे नियम, बढतीच्या याद्या आणि संघटना वेगळ्याच राहिल्या. इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, तर एअर इंडियाच्या पायलटांची इंडियन पायलट्स गिल्ड.

एप्रिल २०११ मध्ये असोसिएशनने संप केला. मागणी सरळ होती, कंपनी एक तर पगारही समान द्या. संप दहा दिवस चालला, संघटनेची मान्यता काढली गेली, कोर्टबाजी झाली. नंतर सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पगार, हुद्दे आणि ज्येष्ठता यांचा मेळ घालणं हे तिचं काम. समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. म्हणजे लग्न आधी लावलं आणि घर कसं चालवायचं हे पाच वर्षांनी विचारलं.

मे २०१२ मध्ये पाळी गिल्डची. नवीन बोईंग ७८७ ड्रीमलायनर येणार होती. मॅनेजमेंटने ठरवलं की ट्रेनिंग दोन्हीकडच्या पायलटांना निम्मं-निम्मं द्यायचं. गिल्डचं म्हणणं, ही विमानं विलीनीकरणाआधी एअर इंडियाने मागवली, आमचे को-पायलट कॅप्टन व्हायला वर्षानुवर्षं थांबलेत, त्यांचा हक आधी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आता कंपनी एकच आहे, मग 'आमचं-तुमचं' कसलं? संप ५८ दिवस चालला. दिल्ली हायकोर्टाने तो बेकायदेशीर ठरवला, १०१ पायलटांना काढलं गेलं आणि जुलैच्या सुरुवातीला संप मागे घेतला गेला.

एकदा एक संघटना रस्त्यावर, दुसऱ्यांदा दुसरी. दोन्ही एकत्र बसल्या असत्या तर मॅनेजमेंटला आधीच उत्तर द्यावं लागलं असतं.

छोटी कंपनी कशासाठी?

विलीनीकरणाची उलटी बाजू म्हणजे काम छोट्या कंपनीकडे सोपवणं. इंडियन एअरलाइन्सने १९९६ मध्ये अलायन्स एअर सुरू केली. पुढे ती छोट्या शहरांना जाणारी एटीआर आणि काही काळ सीआरजे ही छोटी जेट विमानं चालवू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा मुंबईहून तिथे पहिलं प्रवासी विमान गेलं ते अलायन्स एअरचंच. आखाती मार्गांसाठी २००५ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेस आली. तिकीट स्वस्त झालं, आपल्या लोकांचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवं. सत्तर सीटचं विमान मोठ्या कंपनीच्या खर्चात चालत नाही, हेही खरं.

पण छोट्या कंपनीतले पायलट बहुतेक ठराविक मुदतीच्या करारावर आणि मूळ कंपनीच्या यादीत त्यांचा नंबर नाही. जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा एअर इंडिया एक्सप्रेस सोबत गेली, अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. एकाच घरात वाढलेल्या दोघांचं नशीब एका कागदावर वेगळं झालं.

अमेरिकेत काय झालं?

हा प्रश्न अमेरिकेत सर्वात आधी पेटला. १९९० च्या दशकात पन्नास सीटची जेट विमानं आली. मोठ्या कंपन्या छोट्या मार्गांचं काम दुसऱ्या कंपन्यांना देऊ लागल्या. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, आत पायलट कमी पगारातला. मोठ्या कंपन्यांच्या पायलटांनी करारात अट घालून घेतली की बाहेरच्यांना अमुक सीटपर्यंतचीच आणि अमुक इतकीच विमानं देता येतील. स्वतःची रोजी वाचवायला हे ठीक होतं. पण जे बाहेर होते त्यांच्यासाठी दार बंद झालं.

डेल्टा कंपनीने २००० मध्ये कॉमएअर विकत घेतली. कॉमएअरच्या पायलटांनी डेल्टासोबत एकच यादी मागितली, ती मिळाली नाही. २००१ मध्ये त्यांनी पगारासाठी ८९ दिवस संप केला आणि त्याच वर्षी त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच्याच युनियनवर खटला भरला. कारण दोन्हीकडचे पायलट एकाच युनियनचे मेंबर होते. युनियन मोठ्या भावाचं ऐकते, धाकट्याचं नाही, ही त्यांची तक्रार. २०१२ मध्ये कॉमएअर बंदच झाली.

याचा प्रवाशांशीही संबंध आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ विमान पडून ५० जणांचा जीव गेला. तिकीट कॉन्टिनेंटलच्या नावाचं, विमान चालवत होती कोलगन एअर. चौकशीत पायलटांच्या चुकांसोबत थकवा, तुटपुंजा पगार आणि ट्रेनिंग यांवरही चर्चा झाली. त्यानंतर अमेरिकेने पायलटांच्या अनुभवाचे आणि विश्रांतीचे नियम कडक केले.

आपल्याला काय घ्यायचं?

२०२४ मधला वाद याच मालिकेतला. विस्ताराच्या पायलटांना नव्या करारात ७० तासांऐवजी ४० तासांचाच पगार पक्का मिळणार होता. विलीन कंपनीत आपला नंबर कुठे लागेल, हीही भीती होती. एक्सप्रेसच्या क्रूची तक्रार होती की विलीनीकरणात सर्वांना सारखी वागणूक मिळत नाही. त्या वर्षी १ ऑक्टोबरला एआयएक्स कनेक्ट आणि १२ नोव्हेंबरला विस्तारा, दोन्ही विलीन झाल्या.

अडकलेल्या प्रवाशाचा राग चुकीचा नाही. त्याने घामाचे पैसे तिकिटात घातलेत. पण मजुराची मजुरी वेळेवर द्यावी आणि केलेला करार पाळावा, ही शिकवण आपल्या घराघरात दिली जाते. ती कमी पगारवाल्यासाठी एक आणि जास्त पगारवाल्यासाठी दुसरी, अशी नाही.

आज आपल्या बिरादरीतली मुलंमुली पायलट ट्रेनिंगसाठी कर्ज काढतात, काही विमानतळावर ग्राउंड स्टाफ म्हणून लागतात. त्यांनी सही करण्याआधी एवढं तरी विचारावं : नियुक्तीपत्रावर नाव कोणत्या कंपनीचं आहे? नोकरी कायम की मुदतीची? किती तासांचा पगार पक्का? बॉण्ड किती वर्षांचा? कंपनी विकली किंवा विलीन झाली तर माझी सर्व्हिस धरली जाणार का? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.

आणि जे आधीच परमनंट आहेत, मग ते कॉकपिटमध्ये असोत की अंबरनाथच्या कारखान्यात, त्यांनी शेजारच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याला युनियनच्या मीटिंगला बोलवावं. त्याला स्वस्तात राबवता येतं, तोवर तुमचंही काम त्याच्याकडे जाऊ शकतं.