ब्रेकमधली हवा काढणे : दोन माणसांचे, तासा-दोन तासांचे काम



या पानावर एरवी मी बेणेप्रक्रिया, खोडवा आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. यावेळी विषय गाडीच्या ब्रेकचा आहे. कारण हंगामात गटागटांतून फिरताना एक वाक्य हमखास कानावर येते : "साहेब, ब्रेक जरा खाली जातोय, पण दोन-तीनदा पंप मारला की लागतोय."

हेच वाक्य एके काळी मीही म्हणत असे. माझ्या जुन्या जीपच्या मागच्या चाकाचे वॉशर मी घरीच बदलले आणि हवाही काढली. मात्र शेवटच्या चाकाला ब्रेक ऑइलची टाकी रिकामी झाली, हे पाहिले नाही. पेडल मऊच राहिले. चालतंय की, म्हणून तशीच गाडी काढली. वजनकाट्याच्या उतारावर बैलगाड्यांची रांग होती. पाय दाबला तो थेट फळीला टेकला. हॅण्डब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, तेव्हा कुठे थांबली. पुढच्या गाडीत आणि माझ्यात हातभर अंतर राहिले होते. त्या गाडीखाली सावलीला तोडणीवाल्याचं पोर झोपलेलं होतं. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून पंप मारून गाडी चालवणे मी बंद केले.

हवा का नडते?

डिझेल इंजिनाने हवा धरली की ते बंद पडते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. ब्रेकचेही तसेच. ऑइल दाबले तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो. नळीत हवा शिरली की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो. पेडल स्पंजासारखे लागते ते यामुळेच.

दुसरा शत्रू पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर हाच आकडा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की असे ऑइल उकळते, वाफ होते आणि पेडल खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे.

लागणारे सामान

निपलच्या मापाचा रिंग पाना, निपलवर घट्ट बसणारी हातभर पारदर्शक नळी, काचेची बाटली, जॅक, भक्कम टेकू, चाकांना लावायला दगड आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचे, सीलबंद डब्यातले ब्रेक ऑइल. इंजिन ऑइल किंवा रॉकेल चुकूनही वापरू नये. रबरी वॉशर फुगतात आणि सगळी यंत्रणा बाद होते. ब्रेक ऑइल रंगावर सांडल्यास ताबडतोब पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उतरतो.

कृती

१. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून लावा. चाकांना दगड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

२. टाकी ऑइलने भरा. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या जुन्या जीपला मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. पुस्तकात वेगळा क्रम असल्यास तोच धरा.

३. निपल साफ करून त्यावर नळी चढवा. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलात बुडलेले असू द्या.

४. जोडीदाराने पेडल तीन-चार वेळा सावकाश दाबून शेवटी दाबून धरावे आणि "धरलंय" म्हणावे. तुम्ही निपल अर्धा आटा सैल करा. बुडबुडे निघतील. निपल आवळा, मगच "सोड" म्हणा. निपल उघडे असताना पाय सुटला, तर हवा पुन्हा आत जाते. सगळी गोम इथेच आहे.

५. बुडबुडे संपेपर्यंत हेच करा. दर पाच-सहा वेळांनी टाकी पाहा. माझी चूक इथेच झाली होती.

६. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल पार तळाला गेले तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गंजलेल्या भागावर घासून फाटतात.

जोडीदार नसेल तर टाकीचे झाकण काढून निपल सैल करावे आणि ऑइल आपोआप ठिबकू द्यावे. वेळ जास्त जातो, टाकीवर नजर ठेवावी लागते, पण काम होते. बाटलीतले ऑइल मात्र परत टाकीत ओतू नका.

तपासणी

इंजिन चालू करून पेडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली जाता कामा नये. चाकांच्या आतून ओल दिसते का पाहा. मग मोकळ्या जागेत माणसाच्या चालीने गाडी चालवून ब्रेक लावून पाहा. पेडल मऊ असेल तर गाडी रस्त्यावर काढू नये. हवा शिरली म्हणजे कुठेतरी वाट आहे. ती गळती शोधल्याशिवाय हवा काढण्यात अर्थ नाही.

एबीएस असलेल्या नव्या गाड्यांच्या यंत्रणेत हवा अडकली, तर ती काढायला बहुधा कार्यशाळेतील यंत्र लागते. ट्रकचे एअर ब्रेक निराळे. काही ट्रॅक्टरांचे ब्रेक रॉडवर चालतात, त्यांना हवा नसते, जुळवणी असते. अशा वेळी जाणत्या मेस्त्रीकडेच जावे.

गव्हाणीकडे जाणाऱ्या रांगेत आपलीच माणसे, आपलीच जनावरे उभी असतात. पेडल मऊ लागले तर एक खेप चुकली तरी चालेल, पण गाडी घरीच ठेवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी