‘मंगल’ अक्षरांमागचा मराठी हात

उत्तर भारतात कारकुनाच्या नोकरीसाठी हिंदी टायपिंगची परीक्षा द्यायची, तर एक प्रश्न हमखास येतो : ‘कृतिदेव की मंगल?’ झाशीच्या लक्ष्मी गेटपासून कोल्हापूरच्या रंकाळ्यापर्यंत कुठेही कॉम्प्युटरवर देवनागरी लिहिणाऱ्याला ‘मंगल’ हे नाव परिचयाचं. पण ही अक्षरं रेखाटली कुणी? ते होते मराठी कलावंत रघुनाथ कृष्ण जोशी. कलाक्षेत्रात त्यांना सगळे ‘र. कृ.’ म्हणूनच ओळखत.

आधी हात, मग यंत्र

र. कृं.चा जन्म १९३६ चा. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकून ते जाहिरातीच्या क्षेत्रात आले आणि ‘उल्का’ या नामांकित संस्थेत कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी नाव कमावलं. पण मन रमायचं ते अक्षरात. बोरू आणि ब्रश हे त्यांचे सोबती. ते कविताही लिहीत, आणि कवितेतले शब्द कागदावर कसे दिसतात यालाही अर्थ असतो, असं मानत. नव्या पिढीलाही त्यांनी हे वेड लावलं. आजचे प्रसिद्ध सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास केला, तो ‘उल्का’च्याच शिष्यवृत्तीवर.

१९८३ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीत, र. कृं.नी जाहिरातीचं झगमगतं जग सोडलं आणि ते पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले. कॉम्प्युटर तेव्हा आपल्याकडे नवा होता. ज्या वयात माणसं हाती आलेलं सांभाळून बसतात, त्या वयात हा बोरूचा माणूस कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसला.

‘दुसऱ्या’मधला र

अडचण साधी नव्हती. इंग्रजीत एकापुढे एक अक्षर ठेवलं की शब्द होतो. आपलं तसं नाही. ‘कि’मधली वेलांटी उच्चारात नंतर, पण लिहिताना आधी. एकट्या ‘र’चीच रूपं पाहा. ‘कर्म’मध्ये तो ‘म’च्या डोक्यावर बसतो, ‘क्रम’मध्ये ‘क’च्या पोटाला टेकतो, ‘राष्ट्र’मध्ये ‘ट’च्या पायाशी जातो आणि ‘दुसऱ्या’मध्ये कोयत्यासारखा वळतो. टाइपरायटरच्या मोजक्या कळांत हे सारं मावत नसे, म्हणून जोडाक्षरं तोडून, पाय मोडून लिहावी लागत. यंत्र सांगेल तशी लिपी बदलायची, ही वाट तेव्हा सोपी दिसत होती. र. कृं.ची वाट उलटी होती : यंत्रानं लिपीचं ऐकावं.

मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात आणि पुढे ते ज्यात विलीन झालं त्या सी-डॅकमध्ये त्यांनी यासाठी काम केलं. ‘युनिकोड’ या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक मिळाला. त्यामुळे पुण्यात लिहिलेलं पत्र झाशीत उघडलं की त्याच्या चित्रविचित्र खुणा होण्याचा त्रास संपण्याची सोय झाली. पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. क, हलन्त आणि ष एकापुढे एक आले की ‘क्ष’ दिसायला हवा, रफार नेमका योग्य अक्षरावर चढायला हवा. ही आकृती आणि हे नियम फॉन्टमध्ये भरावे लागतात. तिथे लिपीची नस ठाऊक असलेला कलावंतच हवा.

विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ घरोघरी पोहोचला. पुढे गुजरातीचा ‘श्रुती’, तेलुगूचा ‘गौतमी’, कन्नडचा ‘तुंगा’ आणि गुरुमुखीचा ‘रावी’ हे फॉन्टही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सहकाऱ्यांनी घडवले. काहींना ‘मंगल’ छापील पुस्तकात रुक्ष वाटतो. पण तो मुळात पडद्यासाठी घडवलेला आहे. त्या काळच्या पडद्यावर एक बारीक अक्षर मोजक्या ठिपक्यांत बसवावं लागे, आणि ते वाचता येणं ही पहिली गरज होती. याखेरीज ‘रघु’ नावाचा त्यांचा देवनागरी फॉन्ट कुणालाही मोफत वापरता यावा म्हणून खुला केला गेला.

शेवटच्या वर्षांत त्यांनी वेदपठणातील स्वरचिन्हं कॉम्प्युटरवर आणण्याचं काम हाती घेतलं होतं. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी युनिकोडमध्ये वैदिक चिन्हांसाठी स्वतंत्र विभाग आला.

मुलांनी पेन्सिल धरावी की कॉम्प्युटर शिकावा, असा प्रश्न आज अनेक आईबाबांना पडतो. र. कृं.नी दोन्ही केलं, पण क्रम ध्यानात घ्यावा. अक्षराचं वळण त्यांच्या हातात आधी पक्कं होतं, म्हणूनच ते यंत्राला शिकवता आलं. तेव्हा पाटीवर ‘ऱ्य’ गिरवणाऱ्या मुलाला घाई करू नका. त्याला तो नीट जमू द्या.