कोळंबी तलावातील उपयुक्त जिवाणू : काम कोणाचे, खर्च कशाचा

व्हेनामी कोळंबीच्या तलावात साठ-सत्तर दिवसांनंतर अमोनिया वाढू लागला, की पहिला सल्ला मिळतो तो प्रोबायोटिक टाकण्याचा. पुडा येतो, गुळाच्या पाण्यात भिजवला जातो, तलावात जातो. कधी फरक दिसतो, कधी नाही. असे का होते, हे समजण्यासाठी आधी नत्राचा हिशेब करू.

खाद्यात 35 टक्के प्रथिने धरली, तर रोजच्या 50 किलो खाद्यातून तलावात 2.8 किलो नत्र जाते. त्यातील साधारण पाव भाग कोळंबीच्या अंगी लागतो. उरलेले दोन किलोंहून अधिक नत्र विष्ठा, उरलेले खाद्य आणि अमोनियाच्या रूपात पाण्यात व तळाशी राहते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर दर दहा दिवसांनी युरियाची एक 45 किलोची गोणी तलावात रिकामी होते. भातखाचरात आपण एवढा युरिया एवढ्या वेळा कधीच टाकणार नाही.

हे नत्र हाताळणारे जिवाणू दोन प्रकारचे असतात. पहिले मातीतून आपल्या ओळखीचेच आहेत. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट कोळंबीला फारसे घातक नसते. मात्र हे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. नव्या तलावात त्यांचा जम बसायला काही आठवडे लागतात. दुसऱ्या गटाचा जम बसायला पहिल्यापेक्षा अधिक वेळ लागतो, म्हणून मधल्या काळात नायट्राइट उसळी घेते. पावसाळ्यात पाण्याची क्षारता उतरली, की हे नायट्राइट अधिक घातक ठरते, कारण खाऱ्या पाण्यातील क्लोराइड कोळंबीच्या कल्ल्यांतून नायट्राइट आत जाण्यास अटकाव करते.

या जिवाणूंचा खर्चही मोठा आहे. एक किलो अमोनिया-नत्राचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार किलो ऑक्सिजन आणि सात किलो कॅल्शियम कार्बोनेटइतकी विम्लता खर्च होते. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘टोटल अल्कलिनिटी’ म्हणून जो आकडा असतो, तो हाच. तो लिटरला 100 मिलिग्रॅमच्या खाली गेला असेल, तर कितीही महागडे उत्पादन टाका, काम अडते. आधी खाण्याचा सोडा किंवा डोलोमाइट थोडेथोडे देऊन विम्लता सावरावी.

दुसरा प्रकार बॅसिलसचा. बाजारातील बहुतेक पावडरींमध्ये बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस असे जिवाणू असतात. ते बीजाणू करतात, म्हणून कोरड्या पुड्यात टिकतात. नायट्रोसोमोनास बीजाणू करत नाही. त्यामुळे कोरड्या पावडरीच्या वेष्टनावर त्याचे नाव दिसले, तर मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

बॅसिलस तळाचा गाळ कुजवतो, पण गाळ कुजताना अमोनिया सुटतोच. तो पाण्यातून उचलून स्वतःच्या शरीरात बांधायचा, तर जिवाणूंना कर्ब लागतो, म्हणजेच गूळ किंवा मळी. एक किलो अमोनिया-नत्र बांधायला अंदाजे 15 ते 20 किलो गूळ लागतो. एक एकर तलावात 1.2 मीटर पाणी असेल, तर ते साधारण 48 लाख लिटर होते. त्यात लिटरला 1 मिलिग्रॅम अमोनिया-नत्र म्हणजे जवळपास पाच किलो नत्र, आणि त्यासाठी 75 ते 100 किलो गूळ. पुड्यासोबत टाकलेला दोन किलो गूळ जिवाणू जागे करण्यापुरता असतो, अमोनिया उतरवण्यापुरता नाही.

म्हणून 100 किलो गूळ एकदम ओतायचा का? मुळीच नाही. काही वर्षांपूर्वी पालघर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला मी फोनवरून गुळाची मात्रा सांगितली, वेळ सांगायची राहिली. त्यांनी ढगाळ दिवशी संध्याकाळी सगळी मात्रा दिली. रात्री वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला आणि पहाटे कोळंबी पृष्ठभागावर आली. जिवाणूंनी काम केले होते, पण तलावातला ऑक्सिजन संपवून. अर्धे पीक गेले. तेव्हापासून मात्रेआधी मी वेळ सांगतो : सकाळी नऊ ते अकरा, ऊन असताना, सर्व एरेटर चालू ठेवून, पाच-सहा दिवसांत विभागून. पहाटेचा विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 4 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्या दिवशी गूळ नको.

प्रवाळांचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणारे हौशी लोकही हीच युक्ती वापरतात. ते व्हिनेगरसारखा कर्बस्रोत थेंबाथेंबाने देतात, जिवाणू नायट्रेट आणि फॉस्फेट उचलतात, आणि फेस काढणारे यंत्र त्या जिवाणूंना पाण्याबाहेर काढते. आपल्या तलावात असे यंत्र नाही. बांधलेले नत्र गाळातच राहते, म्हणून मध्यभागी साचलेला काळा गाळ वेळोवेळी काढावाच लागतो.

अमोनिया दुपारी तपासावा. सामू 8 असताना एकूण अमोनियाचा पाच-सहा टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू 9 झाला, की तो चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. सकाळचा आकडा त्यामुळे फसवा ठरतो. ब्लीचिंग पावडर, आयोडीन किंवा अन्य जंतुनाशक दिले असेल, तर त्याचा अंश संपेपर्यंत जिवाणू टाकू नयेत. आणि पांढरे ठिपके किंवा ईएचपीसारखा रोग आला असेल, तर प्रोबायोटिक हा त्यावरचा उपचार नाही. विक्रेता काहीही म्हणो, नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

अमोनिया वाढलेला दिसला, की त्याच दिवशी सर्वांत आधी चेक ट्रे पाहावा. ट्रेमध्ये खाद्य उरत असेल, तर पुडा फोडण्याआधी खाद्य 20-30 टक्के कमी करावे आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासावे.