साठच्या दशकातील गीतांचे पुनर्गायन : रॉक आणि नाट्यसंगीत

प्रस्तावना :
एकाने ध्वनिमुद्रित केलेले गीत दुसऱ्या कलावंताने नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित करणे यास ‘कव्हर व्हर्जन’ म्हणतात. मराठीत त्यास पुनर्गायन म्हणता येईल. साठच्या दशकातील रॉक गीतांची पुनर्गायने आजही होतात आणि ‘मूळची सर नाही’ हा आक्षेपही कायम आहे. हा आक्षेप निरनिराळ्या संगीतपरंपरांत सारख्याच अर्थाने लागू पडतो का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रॉकमधील ‘मूळ’ :
रॉक गीताची ओळख शब्द व चाल यांइतकीच ध्वनिमुद्रिकेतील विशिष्ट आवाज व वाद्यमेळ यांच्याशी जोडलेली असते. साहजिकच नव्या गायनाची तुलना त्या ध्वनिमुद्रिकेशी होते. तथापि, येथेही ‘मूळ’ स्थिर नाही. सायमन व गारफंकेल यांचे ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ १९६४ मध्ये साध्या गिटारच्या साथीवर आले. १९६५ मध्ये निर्मात्याने त्यावर विद्युत वाद्ये व ड्रम्स चढविले. २०१५ मध्ये ‘डिस्टर्ब्ड’ या हेवी मेटल गटाने तेच गीत पियानो व वाद्यवृंदाच्या साथीने, खर्जातून चढत जाणाऱ्या आवाजात गायिले.

नाट्यपदातील ‘मूळ’ :
त्याच २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हा सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट आला. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे मूळ नाटक १९६७ चे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे व खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांची. त्यातील पदे चित्रपटात राहुल देशपांडे, महेश काळे, शंकर महादेवन आदींनी गायिली. नाट्यपदाचा गायक बांधलेल्या चालीत आलाप-तानांनी स्वतःची भर घालतो. ‘घेई छंद मकरंद’ हे पद तर मूळ नाटकातच दोन गायकींनुसार दोन चालींत आहे. म्हणजे येथे फेरफार हा अपवाद नसून परंपरेचाच भाग होय. मात्र रंगमंचावर ‘वन्समोअर’ने खुलणारे पद चित्रपटात मोजक्या मिनिटांत बसवावे लागते, ही हानीही नोंदविली पाहिजे.

कायद्याची भूमिका :
प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१ग समाविष्ट झाले. त्यानुसार पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षांनी, पूर्वसूचना व आगाऊ स्वामित्वधन देऊन पुनर्गायन करता येते. प्रत्येक वर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन द्यावे लागते. वेष्टनावर ‘कव्हर व्हर्जन’ असा उल्लेख आवश्यक असून पूर्वीच्या गायकाचे नाव वापरता येत नाही. तसेच पूर्वी मालकाच्या संमतीने न झालेला अथवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल शब्दांत वा संगीतात करता येत नाही. अडचण येथेच आहे. गायकाचा उत्स्फूर्त विस्तार ‘बदल’ मानावयाचा की सादरीकरण? स्थिर रचना गृहीत धरणारा हा नियम नाट्यपदाला नेमका कसा लावावा, हे त्यातून स्पष्ट होत नाही. शिवाय ५०,००० प्रतींची अट लहान कलावंतास जड जाते.

समारोप :
पुनर्गायनाचे मूल्यमापन ते मूळच्या किती जवळ आहे एवढ्यावरून करणे अपुरे ठरते. त्या परंपरेत ‘मूळ’ कशास म्हणतात, हे आधी ठरविले पाहिजे. पाबळसारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांपर्यंत जुने गीत बहुधा मोबाईलवरून, नव्या आवाजातच प्रथम पोहोचते. अशा वेळी एकाच पदाची दोन ध्वनिमुद्रणे वर्गात लागोपाठ ऐकवून काय टिकले, काय बदलले व काय हरवले याची नोंद करण्यास सांगणे, हा प्राध्यापकांना सहज योजता येणारा उपक्रम होय. त्यातून मूळ कलाकृतीकडे परतण्याची वाटही खुली राहते.