मानमोडीचा वंशविस्तार

मुळशी तालुक्यातील भरे हे गाव आणि पाषाणच्या सूस रस्त्यावरील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची प्रयोगशाळा यांच्यामध्ये लवळ्याचे डोंगर आणि थोड्या कोसांची वाट एवढेच काय ते अंतर आहे. आणि १९१८ च्या मानमोडीपासून, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या त्या साथीपासून, पुढच्या शंभराहून अधिक वर्षांचा मागोवा घ्यावयास बसले म्हणजे या शेजाराचे महत्त्व विशेष जाणवते. ज्या तापाला तेव्हा या मावळपट्टीत औषध तर नव्हतेच, पण ज्याचे कारणही कोणा वैद्यास वा डॉक्टरास सांगता येत नव्हते, त्याच तापाच्या विषाणूचे वंशज ओळखण्याचे काम आज डोंगरापलीकडे नित्य चालते.

१० जून १९१८ रोजी मुंबईचे सात पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहारा देणारा, तापाने अंथरुणास खिळले आणि पाहता पाहता सारे शहर कण्हू लागले. ही पहिली लाट त्यामानाने सौम्य होती. सप्टेंबरात जी दुसरी लाट उठली, ती मात्र रेल्वेच्या वाटेने इलाख्याच्या खेडोपाडी शिरली, आणि नेमका त्याच वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे अर्धपोटी असलेल्या कुणब्याच्या घरात तिला प्रतिकार असा झालाच नाही. वृद्ध आणि बालके यांना नेणारे रोग लोकांच्या परिचयाचे होते. हा ताप वीस ते चाळीस वयाची, नांगर धरणारी आणि कडेवर मूल असलेली माणसे नेत होता, आणि त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असावीत असे अंदाज आहेत. गावकामगार पाटलाच्या मृत्युनोंदीत बहुतेकांच्या नावापुढे ‘ताप’ एवढेच कारण पडत असल्यामुळे नेमका आकडा कोणत्याही दप्तरातून निघणे शक्य नाही. परंतु १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या मागील दशकापेक्षा घटलेली आढळली, हा दाखला पुरेसा बोलका आहे.

मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये. पुढे त्याचे स्वरूप जसजसे उलगडत गेले तसतसे त्याच्या परिवर्तनशीलतेचे कारणही स्पष्ट झाले. त्याची जनुकीय सामग्री आरएनएच्या आठ स्वतंत्र तुकड्यांत विभागलेली असते आणि तिच्या प्रती काढणारे विकर हे असा नक्कलनवीस आहे की, ज्याची नक्कल मुळाशी ताडून पाहणारा कोणी कारकूनच त्या कचेरीत नेमलेला नाही. बहुतेक चुका निरर्थक वा घातक ठरून लोप पावतात. परंतु एखादी चूक पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन नामक प्रथिनाचा आकार किंचित बदलते, आणि पूर्वीच्या तापातून आपल्या रक्तात निर्माण झालेली प्रतिपिंडे त्याला ओळखेनाशी होतात. विषाणूला हेतू नसतो. आपण ज्याला ओळखतो तो खुंटतो, ज्याला ओळखत नाही तो पसरतो. म्हणजे निवड करणारी चाळणी आपल्याच देहात असते, आणि हे मला या सर्व इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगे वाटते.

दुसरा मार्ग याहून धोक्याचा. पाणपक्ष्यांतील विषाणू ज्या शर्करेला चिकटतात ती त्यांच्या आतड्यात विपुल असते. माणसाच्या नाकाघशात तिची रचना थोडी निराळी. हा भेद ओलांडण्याची सोय तुकड्यांच्या अदलाबदलीने होते. एकाच पेशीत दोन भिन्न विषाणू शिरले, तर त्यांच्या तुकड्यांच्या मिश्रणातून तिसराच जन्मास येतो. १९५७ साली, मद्रास बंदरातून भारतात उतरलेल्या आशियाई फ्ल्यूच्या वेळी, पक्ष्यांकडून आलेले तीन तुकडे १९१८ च्या घराण्यातील पाच तुकड्यांशी जोडले गेले. १९६८ च्या हाँगकाँग फ्ल्यूत आणखी दोन बदलले, तरी ते जुने पाच कायम राहिले. आज दरवर्षी हिंडणाऱ्या एच३एन२ तापातही मानमोडीचे रक्त आहे ते असे.

दरम्यान त्या घराण्याची एक शाखा डुकरांत जाऊन राहिली होती. माणसांत दरसाल रूप पालटणे भाग पडले, तसा रेटा अल्पायुषी डुकरांच्या कळपात नसल्यामुळे तिचे हिमॅग्लुटिनिन पुष्कळसे जुन्या वळणाचेच राहिले, आणि २००९ साली अन्य तुकड्यांशी मिसळून ते पुन्हा माणसांत आले. ३ ऑगस्ट रोजी देशातील पहिला बळी पुण्यात, एका शाळकरी मुलीचा गेला. नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, शाळा व चित्रपटगृहे बंद करण्याचे हुकूम निघाले, आणि पिरंगुट-हिंजवडीस रोज कामाला जाणाऱ्या माणसांच्या तोंडावर रुमाल आले. जगभर एक गोष्ट नजरेस आली की, १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना हा ताप कमी जडत होता. लहानपणी याच घराण्यातील जुन्या एच१एन१ विषाणूशी झालेली ओळख त्यांच्या देहाने अर्धशतक जपून ठेवली होती. तरण्याताठ्यांवर घाला पडावा आणि वृद्ध त्यामानाने बचावावेत, याचा उलगडा या स्मृतीत आहे.

त्या साथीवर हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली नाकात फवारावयाची लस काढली, आणि तिची घडण मला त्या काळातील अत्यंत सुंदर बुद्धिकार्य वाटते. १९५७ च्या घराण्यातील एक विषाणू रशियन शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यांत, थंड तापमानात, पिढ्यानुपिढ्या वाढवून असा तयार केला होता की, तो नाकाच्या गारव्यात वाढतो, पण फुप्फुसाच्या उष्णतेत त्याचा जोर चालत नाही. त्याचे सहा तुकडे ठेवून पृष्ठभागावरील प्रथिनांचे दोन नव्या विषाणूचे जोडले गेले. विषाणूच्या जुळवून घेण्याच्या शक्तीचाच असा उपयोग माणसाने केला. अर्थात नैसर्गिक बदल थांबला नाही. २०१५ ची मोठी साथ आली, आणि लसीतील २००९ चा नमुना २०१७ साली बदलावा लागला.

पक्ष्यांचा एच५एन१ भारतात प्रथम आढळला तोही महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत, आणि लक्षावधी कोंबड्या नष्ट करण्याची तजवीज करावी लागली. तो अद्याप माणसामाणसांत सहज पसरत नाही. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले, म्हणजे सस्तन प्राण्यांचे देह त्याला आता अगदी परके राहिलेले नाहीत. म्हणून भरे असो वा मुळशीतील अन्य कोणतेही गाव, परसातल्या कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्या हाताळू वा परस्पर पुरू नयेत आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी; आणि पावसाळ्यात तापाच्या रोग्यांची गर्दी वाढली म्हणजे पौडच्या ग्रामीण रुग्णालयातून काही नमुने डोंगरापलीकडच्या प्रयोगशाळेकडे जावेत, एवढी आस्था गावाने आणि सरकारने दोघांनीही बाळगली पाहिजे.