न झालेल्या राज्याचे नाणे

१९५४ साली पॅरिसच्या टांकसाळीत फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवरील एका चिमुकल्या मुलखासाठी दहा, वीस आणि पन्नास फ्रांकेनची पिवळसर नाणी पाडण्यात आली आणि पुढल्याच वर्षी शंभराच्या रुपेरी नाण्याची त्यांत भर पडली. टांकसाळ फ्रान्सची, मोल फ्रेंच फ्रँकच्या बरोबरीचे, अक्षरे जर्मन भाषेतली, आणि नाव मात्र या दोन राष्ट्रांपैकी कोणाचेच नव्हे, तर ‘सारलांड’ असे असलेले हे चलन ज्याच्या खिशात खुळखुळत असे, त्या खाणकामगाराला आपण नेमके कोणाचे प्रजाजन असा संभ्रम पडला असल्यास नवल नाही.

सारलांडचे क्षेत्रफळ सुमारे २,५७० चौरस किलोमीटर. त्याला लागूनच असलेले लक्झेंबर्ग २,५८६. म्हणजे विस्ताराने दोघेही तुल्यबळ, आणि लोकसंख्येत तर त्या काळी सारलांडच तिपटीने मोठे. तरीही लक्झेंबर्ग आज सार्वभौम राष्ट्र म्हणून मिरवते आणि सारलांड जर्मनीतील एक लहानसे घटकराज्य होऊन राहिले. तेव्हा या मुलखाचे स्वतंत्र राज्य का झाले नाही, याचे उत्तर त्याच्या लहानपणात शोधण्यात अर्थ नाही.

या मुलखाच्या पोटातला कोळसा हेच त्याचे भाग्य आणि तेच दुर्दैव. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने येथील खाणी फ्रान्सच्या पदरात पडल्या आणि राज्यकारभार पंधरा वर्षांच्या मुदतीने राष्ट्रसंघाकडे सोपविण्यात आला. मुदत सरताच, १३ जानेवारी १९३५ रोजी, घेतलेल्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी जर्मनीचा, म्हणजे त्या वेळच्या हिटलरच्या जर्मनीचा, पक्ष घेतला. त्या कौलाविरुद्ध लेखणी झिजविणारा योहानेस होफमान हा कॅथलिक पत्रकार परागंदा होऊन अखेर ब्राझीलपर्यंत पोहोचला. युद्ध संपल्यावर तोच परतला आणि १९४७ साली फ्रेंचांच्या छत्राखाली उभ्या राहिलेल्या सारच्या सरकारचा मुख्यमंत्री झाला.

राज्याला लागणारा सरंजाम मग भराभर जमला. राज्यघटना आली, ध्वज आला, टपालाची तिकिटे आली, १९४८ साली विद्यापीठ निघाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सारचा स्वतंत्र चमू उतरला. फुटबॉलच्या विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यांत तर दैवाने मोठी थट्टा केली: सारची गाठ नेमकी पश्चिम जर्मनीशी पडली. श्टुटगार्टला ०-३ आणि सारब्रुकेनला १-३ असे दोन्ही सामने सारने गमावले. या हरलेल्या संघाचा प्रशिक्षक हेल्मुट श्योन पुढे पश्चिम जर्मनीचा प्रशिक्षक झाला आणि १९७४ साली त्याच्या संघाने विश्वचषक जिंकला.

परंतु सरंजाम म्हणजे सत्ता नव्हे. जकात फ्रान्सची, खाणींवरचा अंमल फ्रान्सचा आणि होफमानच्या डोक्यावर फ्रेंच प्रतिनिधी ग्रांव्हाल. जर्मनीत विलीन व्हावे असे म्हणणाऱ्या पक्षांना उघडपणे वावरण्याची मुभाही नव्हती. माझ्या मते होफमानची मोठी चूक हीच: नाझींचा जुलूम सोसलेल्या या सज्जन गृहस्थाने विरोधकांची तोंडे बांधून ठेवली आणि ती सुटली तेव्हा त्यांतून बाहेर पडलेला शब्द त्याच्याच नावाचा उद्धार करणारा होता.

१९५४ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर आणि फ्रान्सचे पंतप्रधान मांदेस-फ्रांस यांनी करारनामा केला. त्यान्वये सार हा ‘युरोपीय’ प्रदेश होणार होता. त्याचे परराष्ट्र-व्यवहार आणि संरक्षण पाहण्यास नेमावयाचा आयुक्त फ्रेंच नसावा, जर्मन नसावा आणि सारचा रहिवासीही नसावा, अशी अट होती. ज्या राज्याचा मुखत्यार त्या राज्याचा नागरिक असूच शकत नाही, त्याला स्वतंत्र म्हणणे भाषेवर अत्याचार करण्यासारखे आहे. पण या करारनाम्यातील खरी गोम मुदतीची होती: जर्मनीशी अंतिम तह होईपर्यंतच ही व्यवस्था चालावयाची होती.

आता कल्पना करू की या करारनाम्यावर घेतलेल्या २३ ऑक्टोबर १९५५ च्या सार्वमतात लोकांनी होकार दिला असता. अंतिम तहाची जागा घेणारा करार व्हायला १९९० साल उजाडले. म्हणजे ‘तात्पुरती’ व्यवस्था पस्तीस वर्षे चालली असती आणि तिच्यात जन्मलेली मुले बापही झाली असती. युरोपात तात्पुरते किती चिवट असते याचा दाखला शेजारीच आहे. युरोपीय पोलाद-कोळसा संघाचे ठाणे कोठे असावे यावर १९५२ साली वाद माजला, फ्रान्सने सारब्रुकेनचे नाव पुढे केले, आणि अखेर तूर्त सोय म्हणून संघाचे काम लक्झेंबर्गला सुरू झाले; युरोपीय न्यायालय आजही तेथेच आहे. होकारानंतर सारब्रुकेनचा दावा बळावला असता आणि आयुक्ताचे अधिकार हळूहळू सारच्या विधिमंडळाकडे झिरपले असते, असे मानण्यास जागा आहे.

मात्र कोळशाने दगा दिलाच असता. १९५८ पासून युरोपभर खाणींना उतरती कळा लागली. लक्झेंबर्गचे पोलाद मंदावले तेव्हा त्याने स्वतःचे करकायदे करून पेढ्यांचा व्यवसाय उभारला; परकी जकात आणि परके चलन घेऊन बसलेल्या सारला ते कसे साधले असते? जर्मनीत राहूनही त्याचा खजिना इतका आटला की १९९२ साली जर्मनीच्या संविधान-न्यायालयाने त्याला आर्थिक आणीबाणीत सापडलेले राज्य ठरवून केंद्राच्या मदतीचा हक्क दिला. स्वतंत्र सारने अशी फिर्याद कोणाच्या दारी नेली असती?

हे सारे कल्पनेतच राहिले. विरोधी पक्षांवरील बंधने मतदानाच्या तीन महिने आधी उठली, एकेकाळी नाझी पक्षाचा सभासद असलेल्या हाइनरिश श्नायडरने स्थूल देहाच्या होफमानला ‘जाड्याला हाकला’ या घोषणेने गावोगाव लक्ष्य केले आणि ६७.७ टक्के मतदारांनी नकार दिला. मतपत्रिकेवर स्वातंत्र्याचा पर्याय मुळात नव्हताच, हे येथे विसरू नये. होफमानने राजीनामा दिला. १ जानेवारी १९५७ रोजी सार पश्चिम जर्मनीत सामील झाले.

चलन मात्र आणखी अडीच वर्षे फ्रँकचेच राहिले. ६ जुलै १९५९ रोजी जकातीच्या चौक्या जर्मनीच्या बाजूने उठून फ्रान्सच्या बाजूला गेल्या आणि शंभर फ्रँकास सुमारे ८५ फेनिग या भावाने सारलांडवासीयांनी आपले पैसे बदलून घेतले.